नोंदीस नोंद जोडताना

या स्मरणिकेत अनेक माजी विद्यार्थी वसतिगृहातील दिवसांच्या आठवणी लिहितील आणि गुरुजनांविषयीची कृतज्ञता व्यक्त करतील. माझेही ऋण तेच आहे; फक्त ते मी वरकरणी कोरड्या वाटणाऱ्या एका विषयाच्या वाटेने मांडणार आहे. गेली बरीच वर्षे पुण्यात राहून मी डेटाबेस बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम करीत आलो आहे. गेल्या दोन वर्षांपासून उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही माजी विद्यार्थी परतवाड्याला येऊन आपल्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांचा डेटाबेस तयार करीत आहोत. हे काम म्हणजे नेमके काय, ते मी कसे शिकलो आणि आपल्या रजिस्टरांनी मला त्यात काय शिकविले, हे पालकांना आणि समाजबांधवांना कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परतवाडा हे मेळघाटाचे प्रवेशद्वार. जंगलातील सागवान येथील डेपोत उतरते, तेथे त्याच्या थप्प्या लागतात आणि लिलाव होतो. माझे वडील त्या लाकडाच्या कामावर मजूर होते. ते शाळेत गेले नव्हते, तरी आकडे त्यांना अचूक कळत. प्रत्येक लट्ठ्याच्या तोंडावर त्याचा क्रमांक, लांबी व गोलाई लिहिलेली असे आणि वनखात्याच्या हातोड्याची खूण उमटविलेली असे. अनेक लट्ठे मिळून एक लॉट होई. लिलावात लॉट विकला जाई, खरेदीदाराची नोंद लॉटच्या क्रमांकापुढे होई आणि माल बाहेर काढताना वाहतूक परवान्यावर तेच क्रमांक चढत. वडील म्हणत, “ज्या लट्ठ्यावर नंबर नाई, तो लट्ठा जंगलातही नाई अन् डेपोतही नाई.” लहानपणी हे वाक्य मला केवळ त्यांच्या कामाचे वाटे. पुढे अमरावतीला संगणकशास्त्र शिकताना रिलेशनल डेटाबेसचे पहिले प्रकरण समोर आले, तेव्हा ते वाचण्याआधीच निम्मे समजलेले होते.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड या संशोधकाची. ते मूळचे इंग्लंडचे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० साली त्यांनी या विषयावरील निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी संगणकातील माहिती मिळवायची तर ती कोणत्या वाटेने गेल्यावर सापडेल हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागे. वाट बदलली की प्रोग्रॅमही बदलावा लागे. कॉड यांनी सुचविले, की माहिती साध्या तक्त्यांत मांडावी. आडव्या ओळीत एक वस्तू अथवा व्यक्ती, उभ्या रकान्यात तिचा एकेक गुण. विचारणाऱ्याने ‘काय हवे’ एवढे सांगावे, ते कोठे व कसे शोधायचे हे यंत्राने पाहावे. १९७४ साली त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असे प्रश्न विचारण्याची जी भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर रुजली. १९८१ साली कॉड यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

या पद्धतीचा गाभा एका नियमात सांगता येतो: एक तथ्य एकाच ठिकाणी लिहावे. समजा, एका लॉटमध्ये चाळीस लट्ठे आहेत आणि प्रत्येक लट्ठ्यावर खरेदीदाराचे नाव, गाव आणि पत्ता रंगविला. उद्या पत्ता बदलला तर चाळीस ठिकाणी खोडावे लागेल; त्यांतील तीन राहून गेले तर त्याच व्यापाऱ्याचे दोन पत्ते झाले आणि खरा कोणता हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून लट्ठ्यावर फक्त लॉटचा क्रमांक, लॉटपुढे फक्त खरेदीदाराचा क्रमांक आणि खरेदीदाराच्या ओळीत त्याचा पत्ता. माहितीची अशी विभागणी करण्यास ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. विद्यार्थ्यांना हा विषय कठीण वाटतो, कारण तो व्याख्यांपासून शिकविला जातो. ज्याने डेपो पाहिला आहे, त्याला तो अवघड वाटण्याचे कारण नाही.

मात्र या साऱ्या रचनेचा भार एका गोष्टीवर असतो. प्रत्येक ओळीस दुसऱ्या कोणत्याही ओळीस नसलेली अशी एक ओळख हवी. तिला ‘प्रायमरी की’ म्हणतात. माणसाची अशी ओळख कोणती? प्रथमदर्शनी कोणीही सांगेल, की नाव. ते उत्तर किती अपुरे आहे, हे समजण्यास आपल्या सर्वांस परिचित असलेली एक नोंद पुरेशी आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका बालकाने प्रवेश घेतला. रजिस्टरात त्याचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे आहे आणि क्रमांक १९१४. ‘भिवा’ पुढे ‘भीमराव’ झाले आणि जगाने त्यांना बाबासाहेब म्हणून ओळखले. नाव घडत गेले, नोंदीचा क्रमांक मात्र जागचा हलला नाही. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर ती नोंद निःसंदिग्धपणे दाखविता येते, ती या क्रमांकामुळे. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. माझ्यासारख्याला तो एका अचूक नोंदीचाही दिवस वाटतो.

आपल्या वसतिगृहात हा प्रश्न अधिकच प्रकर्षाने होता. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतून येणाऱ्या कोरकू मुलांत कासदेकर, बेठेकर, जांबेकर ही आडनावे इतकी सर्रास आहेत, की एकाच वर्गात एकच नाव व एकच आडनाव असलेली दोन मुले सहज भेटत. हजेरी घेताना गुरुजी गावाचे नाव जोडून हाक मारीत. मग जन्मतारीख ओळख म्हणून घ्यावी, तर तीही निरुपयोगी; कारण आपल्यापैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. आईवडिलांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे आणि गुरुजी मुलाकडे पाहून वर्षाचा अंदाज बांधीत. संगणकाच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या शाळेतील मुलांचा मोठा समूह एकाच दिवशी जन्मलेला आहे! म्हणून आम्ही जनरल रजिस्टर क्रमांक हीच ओळख ठरविली. बाकी सारे त्या क्रमांकास जोडलेले गुण.

आता हे काम हाती का घेतले, ते सांगतो. आपल्या शाळेचे कार्यालय वर्षभर ज्या विनंत्यांनी गजबजलेले असते, त्यांत नव्या प्रवेशांइतक्याच जुन्या नोंदींच्या नकला मागणाऱ्या विनंत्या असतात. महाराष्ट्रात २००० सालच्या कायद्याने जातप्रमाणपत्राच्या पडताळणीची व्यवस्था आहे. अनुसूचित जातीच्या अर्जदारास आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून राज्यात असल्याचा आणि त्या जातीचे असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पणजोबांच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात सापडली तर ती. त्यानंतरच्या पिढीसाठी शाळेचा दाखला. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता, खरेदीखत नव्हते, घरपट्टीची पावती नव्हती, त्यांच्या घरात सरकारी शाईने लिहिलेला पहिला कागद बहुधा शाळेचाच असतो. तेव्हा रजिस्टराचे एक पान वाळवीने खाल्ले, तर एका घराण्याच्या पुढील दोन पिढ्यांचा आधार जातो. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशाच्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र हाती आले नाही तर काय होते, हे हा लेख वाचणाऱ्या अनेक पालकांनी सोसले आहे.

रजिस्टरे उघडली तेव्हा कागद तपकिरी पडलेला होता आणि घड्यांवर झिजला होता. पहिले काम छायाचित्रणाचे. प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतल्याशिवाय त्यातील एक अक्षरही संगणकात भरायचे नाही, असा नियम आम्ही केला. त्यानंतर तक्ते आखले. विद्यार्थ्यांचा एक, गावांचा एक, पालकांचा एक, प्रवेश व शाळा सोडल्याच्या घटनांचा एक. जो मुलगा चौथीनंतर गेला आणि सातवीत परत आला, त्याच्या नावे घटनांच्या तक्त्यात स्वतंत्र ओळी. विद्यार्थ्याच्या तक्त्यात तो एकदाच. गावाचे नाव एकदाच लिहिले जावे, म्हणून विद्यार्थ्याच्या ओळीत गावाचा फक्त क्रमांक. गावांच्या तक्त्यात नसलेला क्रमांक कोणी भरू पाहिला, तर डेटाबेस ती ओळ स्वीकारतच नाही. यास ‘फॉरेन की’ म्हणतात. अस्तित्वात नसलेल्या गावाचा मुलगा या रजिस्टरात येऊ शकत नाही, अशी ही मूक चौकी असते.

मराठी लिहिण्याच्या अडचणी निराळ्या. युनिकोडच्या रूढ साठवण पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांची जागा घेते. ‘सिद्धार्थ’ हे नाव काना, वेलांटी व हलन्त धरून नऊ चिन्हांचे, म्हणजे सत्तावीस बाइटांचे. रकान्याची लांबी इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून पंचवीस बाइटांची ठरविली, तर त्या रकान्यात सिद्धार्थ मावत नाही. दुसरी अडचण ‘बऱ्हाणपूर’ या शब्दाची. मेळघाटापलीकडील हे शहर अनेकांच्या जन्मस्थळाच्या रकान्यात आहे. त्यातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात, आणि एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपात लिहिलेली मुले सापडत नाहीत. त्यासाठी आम्ही शोधापुरता एक स्वतंत्र रकाना ठेवला, ज्यात सर्व रूपे एकसारखी केलेली असतात. मूळ रकान्यास हात लावायचा नाही.

हा ‘मूळ रकान्यास हात लावायचा नाही’ हा नियम शुद्धलेखनापुरता होता तोवर कोणी वाद घातला नाही. वाद झाला तो ‘धर्म व जात’ या रकान्याशी आल्यावर.

जुन्या रजिस्टरांत या रकान्यात एकवाक्यता नाही. कोठे ‘महार’ आहे, कोठे ‘बौद्ध’, कोठे ‘नवबौद्ध’, कोठे ‘हिंदू-महार’. सख्ख्या भावांच्या नोंदी भिन्न आहेत. एक दाखल झाला तेव्हा लिहिणारे गुरुजी वेगळे होते, दुसऱ्याच्या वेळी वेगळे. आमच्यासोबत काम करणारा एक तरुण माजी विद्यार्थी तळमळीने म्हणाला, “दादा, आपण सर्वांना एकच शब्द लावू. यादीतून निवडायची सोय करू. १९५६ नंतरही हा जुना शब्द आपण आपल्याच संगणकात का जपायचा?” त्याच्या प्रश्नात अपमानाची जुनी सल होती आणि ती मला परकी नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या आजोबांनी जे मागे टाकले, ते नातवाने पुन्हा टंकित करावे, हे कोणालाही बोचेल.

परंतु या रकान्याला इतिहास आहे. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात केंद्राने बौद्धांचा समावेश केला तो १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत कोणी कोणता शब्द लिहिला, का लिहिला आणि त्यामुळे कोणास काय मिळाले वा नाकारले गेले, हे सारे त्या विसंगत दिसणाऱ्या शब्दांत साठलेले आहे. ‘बौद्ध’ लिहिणाऱ्या बापाने सवलतीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवली असेल. ‘महार’ लिहिणाऱ्याने मुलाच्या शिष्यवृत्तीचा विचार केला असेल. आपण त्यांना एका शब्दात बसविले, तर रकाना नीटनेटका होईल आणि दोघांचेही निर्णय पुसले जातील. व्यवहाराच्या बाजूनेही ते अशक्य होते. माध्यमिक शाळा संहितेनुसार जनरल रजिस्टरातील नाव, जात वा जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही. पडताळणी समितीपुढे गेलेली नक्कल मूळ पानाशी एका शब्दानेही जुळली नाही, तर संशय त्या निष्पाप अर्जदारावर येतो.

या वादाचा निकाल आमच्या एका निवृत्त गुरुजींनी लावला. ते जवळच बसून पाने उलगडून देत होते. ते म्हणाले, “बाळांनो, तलाठी काय करतो ते पाहा. सातबाऱ्यावरचे जुने नाव तो खोडत नाही. फेरफार घेतो, जुन्या नावाला कंस करतो आणि बाजूला फेरफाराचा क्रमांक लिहितो. जुने वाचताही येते आणि आता ते चालू नाही हेही कळते.”

गावोगावच्या दप्तरातली ही साधी रीत. गाव नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही. जमिनीच्या हक्कातील प्रत्येक बदल आधी तिच्यात क्रमांकाने नोंदला जातो, प्रमाणित होतो आणि मग सातबाऱ्यावर उतरतो. आजच्या डेटाबेसशास्त्रातही मोठमोठ्या बँकांच्या प्रणाली याच तत्त्वावर चालतात: नोंद पुसू नये, नोंदीस नवी नोंद जोडावी, प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे केला हे लिहावे. आम्ही तसेच केले. ‘मूळ नोंद’ या रकान्यात पानावर जे आहे ते, ऱ्हस्वदीर्घासकट. त्यापुढील घडामोडी फेरफारांच्या वेगळ्या तक्त्यात. आणि ज्यांना आज आपली ओळख स्वतःच्या शब्दांत नोंदवावीशी वाटते, त्यांच्यासाठी एक तिसरी जागा. तेथे माजी विद्यार्थी स्वतः लिहितो, शाळा लिहीत नाही. त्या तरुणाने स्वतःच्या ओळीत पहिला शब्द भरला. कोणता, ते सांगण्याचा अधिकार त्याचा आहे.

याच सुमारास रिकाम्या रकान्याचाही धडा मिळाला. आरंभीच्या रजिस्टरांत आईच्या नावाचा रकाना नव्हता. तो पुढे आला. मग जुन्या मुलांच्या ओळीत आईच्या जागी काय लिहायचे? डेटाबेसमध्ये अशा जागेस ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरी जागाही नव्हे. नल म्हणजे ‘ठाऊक नाही’. संगणक या बाबतीत फार काटेकोर आहे. दोन नल एकमेकांशी समान आहेत काय असे विचारले, तर तो ‘होय’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. हातावर भाकरी थापून मुलाला वसतिगृहात पाठविणाऱ्या कितीतरी माउल्या आमच्या तक्त्यात आज नल आहेत. त्या जागा हळूहळू भरत आहेत, कारण फोन करून आम्ही प्रथम हाच प्रश्न विचारतो: “आईचे नाव काय?”

येथवर सारे रिलेशनल डेटाबेसविषयी झाले. परंतु शाळा म्हणजे केवळ रजिस्टर नव्हे. माजी विद्यार्थी आता छायाचित्रे पाठवितात, जुनी पत्रे पाठवितात, स्नेहसंमेलनाची निमंत्रणे, कबड्डीच्या सामन्यांची प्रमाणपत्रे, ध्वनिमुद्रित आठवणी पाठवितात. एकाकडे चार ओळींची चिठ्ठी आहे, दुसऱ्याकडे चाळीस पानांची रोजनिशी. यांना सारखे रकाने आखणे म्हणजे निरनिराळ्या मापांच्या पायांना एकाच मापाची चप्पल देणे. अशा माहितीसाठी नॉन-रिलेशनल डेटाबेस उपयोगी पडतात. २००७ साली अॅमेझॉनने आपल्या ‘डायनॅमो’ या प्रणालीविषयी निबंध प्रसिद्ध केला. २००८ साली फेसबुकमधील अविनाश लक्ष्मण व प्रशांत मलिक यांनी घडविलेली ‘कॅसांड्रा’ सर्वांसाठी खुली झाली. २००९ साली ‘मोंगोडीबी’ आली, जिच्यात प्रत्येक नोंद हा एक स्वतंत्र दस्तऐवज असतो आणि त्याचा आकार शेजारच्यासारखा असण्याची सक्ती नसते. नोकरीत ही मोंगोडीबी शिकलो, तेव्हा आरंभी फार मोकळे वाटले. रकाने आखा, नाती जोडा, हा व्याप नाही. जे आले ते ठेवून द्या.

ही मोकळीक फुकट मिळत नाही. रकान्यांची शिस्त डेटाबेसने सोडली, की ती पाळण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. एकाने ‘गाव’ लिहिले, दुसऱ्याने ‘मूळगाव’, तिसऱ्याने ‘राहणार’. कोणी अडविले नाही आणि वर्षभराने ‘सेमाडोहची मुले कोणती’ या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळेनासे झाले, असे या प्रणालींत सर्रास घडते. दुसरा भेद ताळमेळाचा. आपल्या वसतिगृहाच्या कोठीतील व्यवहार आठवा. तुरीची डाळ कोठीतून निघाली की कोठीच्या वहीत वजा आणि स्वयंपाकघराच्या वहीत जमा. दोन्ही नोंदी होईपर्यंत गृहपाल पोते उचलू देत नसत. एक झाली आणि दुसरी राहिली, असे चालत नसे. रिलेशनल डेटाबेसमध्ये यास ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. याउलट दोन्ही वह्या आपापल्या जागी लिहीत जाव्यात आणि शनिवारी जुळवाव्यात, अशीही रीत असते. मधल्या दिवसांत त्यांत फरक दिसला तरी आठवड्याअखेर मेळ बसतो. अनेक नॉन-रिलेशनल प्रणाली अशा दुसऱ्या रीतीने चालतात. शेकडो यंत्रांवर पसरलेल्या आणि क्षणभरही बंद न पडू देण्याच्या कामासाठी ती योग्य आहे. पैशांच्या आणि दाखल्यांच्या कामासाठी पहिली रीत बरी. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ आहे. समोरची नोंद चुकली तर कोणाचे काय बिघडेल, हा प्रश्न आधी विचारावा.

आम्ही शाळेसाठी पोस्टग्रेस हा विनामूल्य डेटाबेस निवडला. रजिस्टरे त्यात काटेकोर तक्त्यांत आहेत. आठवणी व छायाचित्रांचे तपशील त्याच डेटाबेसमध्ये मोकळ्या दस्तऐवजांच्या रूपात आहेत. ही सोय त्यात २०१४ पासून चांगली विकसित झाली आहे. दोन्ही भागांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे जनरल रजिस्टर क्रमांक.

बांधणे सोपे, सांभाळणे कठीण. सांभाळण्यात पहिली गोष्ट प्रती. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतील एक परगावी, हा या व्यवसायातील जुना नियम आम्ही पाळतो. दर तिमाहीस एक प्रत उघडून ती खरोखर वाचता येते की नाही, हे पाहतो. कारण जी प्रत उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरता येत नाही. दुसरी गोष्ट अधिकार. जातीचा रकाना कोणी पाहावा? आधार क्रमांकाची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून झाली. त्या बारा अंकांत गाव नाही, जात नाही, धर्म नाही; आणि २०१६च्या कायद्याने आधारसाठी जात, धर्म इत्यादी माहिती घेण्यास मज्जाव केला. आपले रजिस्टर त्या काळाआधीचे आहे. त्यात हा रकाना आहे आणि पुराव्यासाठी तो लागतोही. म्हणून तो कार्यालयातील नेमलेल्या दोन व्यक्तींनाच उघडतो आणि प्रत्येक वेळी कोणी, कोणाच्या अर्जावरून उघडला, याची नोंद राहते. आठवणींचा विभाग सर्वांस खुला, रजिस्टराचा नाही.

या साऱ्या खटाटोपाचे मोल मला गेल्या उन्हाळ्यात कळले. एक विद्यार्थी प्रवेशाच्या मुदतीच्या आधी शाळेत आला. त्याचे आजोबा निरक्षर, वडील लहानपणीच कामाला लागलेले. त्या घरात शाळेची पायरी प्रथम चढली ती त्याची आत्या. ती आपल्या वसतिगृहात होती. पितृकुळातील आत्याची शालेय नोंद त्याला पुरावा म्हणून हवी होती. परंतु त्याला ठाऊक होते ते आत्याचे लग्नानंतरचे नाव आणि आडनाव. जुन्या पद्धतीने हे सापडणे म्हणजे अनेक वर्षांची पाने एकेक करून चाळणे. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या विद्यार्थिनी लक्षात घेऊन आम्ही नावांचा तक्ता वेगळा केला होता: एक व्यक्ती, तिची अनेक नावे, प्रत्येक नावापुढे ते केव्हापासून. आत्याने मागील वर्षी आठवणी कळविताना आपले माहेरचे नाव लिहिले होते. तो दुवा धरून क्रमांक मिळाला, क्रमांकावरून पान मिळाले. त्या पानाचा खालचा कोपरा वाळवीने नेला आहे. तिची ओळ वरच्या भागात शाबूत होती.

मुख्याध्यापकांनी मूळ पानाशी ताडून नक्कल दिली. पुढचा निर्णय समितीचा. आपले काम नोंद जशी होती तशी देण्याचे, आणि ते झाले. मुलगा नक्कल हातात घेऊन बराच वेळ उभा होता. मग त्याने विचारले, “सर, आत्याची सही आहे का कुठे?” सही नव्हती. पालकाच्या जागी आजोबांच्या अंगठ्याचा ठसा होता. त्या ठशाचे छायाचित्र त्याने मागून घेतले.

अजून बरेच काम उरले आहे. नंतरच्या काळातील काही खंड भरावयाचे आहेत, काही अक्षरे लागत नाहीत आणि जुनी हस्ताक्षरे ओळखणारे गुरुजन वयोवृद्ध झाले आहेत. माजी विद्यार्थ्यांना विनंती, की आपला शाळा सोडल्याचा दाखला पेटीतून काढावा. त्यावर जनरल रजिस्टर क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक, आपले आजचे नाव, पूर्वीचे नाव असल्यास ते आणि आपल्या आईचे नाव, एवढे कार्यालयास कळवावे. दाखला हरवला असेल, तर आपल्या वर्गातील दोन मुलांची नावे व आपले गाव कळवावे. शोधण्याचे काम आम्ही करू.